कॉपीच्या घड्याळात पाणी शिरू नये म्हणून: झाकण, काच आणि चावी

खांदेमळणीच्या संध्याकाळी ओढ्यावर बैल धुताना आमच्या चुलतभावाच्या हातात घड्याळ होतं. निळी डायल, काचेभोवती फिरणारं कडं (बेझल), आणि डायलवर ठळक छापलेलं ‘२०० मीटर’. ओढ्याला पाणी गुडघाभर. दुसऱ्या दिवशी पोळ्याला सकाळी काचेच्या आतून धुकं, दुपारपर्यंत सेकंदकाटा जागेवर थांबलेला. परभणीला मामाच्या दुकानात झाकण उघडलं तेव्हा आत गंजाची पिवळी रेघ पडली होती. मामानं लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “बघ, काटे फिरवायच्या या चावीत रबरच नाही. अन् झाकणाचं रबर दुमडून बसवलंय. दोनशे मीटर कामून म्हणायचं याला?”

तेव्हापासून स्वस्तातली आणि कॉपीची घड्याळं आली की मी हेच काम आधी करतो. हा लेख ज्यांनी आजवर घड्याळाचं झाकणही उघडलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. घड्याळ कॉपी असो, साधं बिनब्रँडचं असो किंवा वडिलांचं जुनं एचएमटी, रीत एकच. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हे स्वतःच्या मनगटासाठी करा. ब्रँडचं खोटं नाव छापलेली कॉपी विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा १९९९ खाली गुन्हा आहे, आणि पाणी थांबवल्यानं कॉपी खरी होत नाही.

पाणी येतं कुठून

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच मराठवाड्यात घड्याळं पाण्यानं मरतात. नदी-समुद्र लागत नाही त्याला. घाम पुरतो, हातपंपावर हात धुणं पुरतं, गाडी धुणं पुरतं. घामात मीठ असतं, त्यामुळे साध्या पाण्यापेक्षा त्याचा गंज लवकर चढतो.

त्यात आपल्याकडे एक वेगळीच भानगड आहे, ती नीट समजून घ्या, कारण पुढचं अर्धं काम त्यावरच आहे. मे महिन्यात उन्हात राहून मनगटावरचं घड्याळ सहज ४५ अंशांपर्यंत तापतं. आतली हवा प्रसरण पावते आणि जिथे फट असेल तिथून थोडी बाहेर जाते. मग आपण बोअरच्या गार पाण्याखाली हात धरतो. घड्याळ २७ अंशांवर आलं की आतल्या हवेचा दाब जवळजवळ पावणेसहा टक्क्यांनी घटतो. म्हणजे साधारण सव्वा हात खोल पाण्यात, अर्ध्या मीटरहून थोडं जास्त, धरल्याइतकी ओढ लागते. फट असलेलं घड्याळ त्या क्षणी पाणी आत ओढून घेतं. पाणी दाबानं आत घुसण्यापेक्षा असं शोषलं जाणं आपल्या भागात जास्त होतं.

दुसरं काळ्या मातीची धूळ. पेरणीच्या दिवसांत ती चावीच्या खाचेत बसते आणि चावी ओढताना-ढकलताना आतलं रबर किसते. शेतात वापरलेल्या घड्याळात मला चावीचंच रबर सगळ्यात आधी गेलेलं दिसतं.

पाणी आत यायला वाटा तीनच: मागचं झाकण, काचेची कड आणि चावी. क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ, असेल तर बाजूची दोन बटणंही. कॉपीमध्ये ही बटणं बऱ्याचदा नुसती शोभेची असतात, तरी त्यांचं भोक आरपार असतं. कडेला ‘हेलियम व्हॉल्व्ह’ म्हणून बसवलेलं बोंड दिसलं तर तेही तपासा, त्याच्यामागेही भोक असू शकतं.

किती अपेक्षा ठेवायची

डायलवरचा आकडा कॉपीत फक्त रंग असतो. खऱ्या घड्याळांसाठी त्या आकड्याला अर्थ आहे: रोजच्या घड्याळांना आयएसओ २२८१० आणि पाणबुड्यांच्या घड्याळांना आयएसओ ६४२५ असे निकष लागतात, आणि पाणबुड्याचं घड्याळ किमान १०० मीटरचं असावं लागतं. दहा मीटर पाण्याचा दाब म्हणजे जवळपास एक बार. आपलं लक्ष्य ३ बार ठेवा. पाऊस, घाम, हात-तोंड धुणं, भांडी घासणं हे सगळं त्यात बसतं. विहिरीत उडी मारणं, तलावात पोहणं यासाठी वेगळं, चांगल्या केसचं (बाहेरच्या धातूच्या कवचाचं) घड्याळ घ्या.

एक गैरसमज मात्र काढून टाका. पाण्यात हात हलवल्यानं घड्याळावर प्रचंड दाब येतो असं लोक सांगतात. सेकंदाला दोन मीटर वेगानं हात फिरवला तरी वाढणारा दाब ०.०२ बारच असतो. खरा धोका आहे गाडी धुण्याच्या प्रेशर पंपाचा. त्याच्या नळीत शंभर बारच्या आसपास दाब असतो, आणि ती धार चावीवर पडली तर कोणतंही रबर धरणार नाही.

आधी पाहणी, मग खर्च

घड्याळ हातात घेऊन चावी पूर्ण आत दाबा आणि आडवी हलवून पाहा. चावी डुगडुगत असेल तर तिची नळी सैल आहे. काचेच्या कडेवर नख फिरवा. काच एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला खाली असेल तर ती कधीतरी वाकडी बसवलेली आहे. मागच्या झाकणाभोवती हिरवट मळ असेल तर पाण्यानं आधीच रस्ता केलेला आहे. केसला चीर असेल, किंवा झाकण बसतं त्या कडेवर खोल ओरखडा असेल, तर मी ते घड्याळ परत देतो. रबराला टेकायला सपाट, स्वच्छ धातू हवा. तो नसेल तर कितीही ग्रीस लावून उपयोग नाही.

हत्यारं आणि सामान

फार काही लागत नाही. एक चांगला लूप, बारीक टोकाचा चिमटा, घड्याळाचे स्क्रूड्रायव्हर, धुळीसाठी हवेचा रबरी फुगा, बारीक मापं घ्यायला डिजिटल व्हर्नियर, आणि झाकणाच्या प्रकारानुसार ओपनर. मागच्या झाकणाला कडेनं खाचा असतील तर ते आट्यांचं आहे, त्याला तीन टोकांचा किंवा दोन टोकांचा पाना लागतो. कडेला एकच छोटी फट असेल तर ते दाबून बसवलेलं आहे, त्याला बोथट सुरी आणि बंद करायला प्रेस लागते. चार स्क्रूचं असेल तर स्क्रूड्रायव्हर पुरतो.

ओ-रिंगचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या गोल रबरी कड्यांचा, मिश्र मापांचा डबा ऑनलाइन मिळतो. रिंग नायट्राइल रबराची घ्या. ग्रीस मात्र खास घड्याळाचं सिलिकॉन ग्रीस हवं. ते फोमच्या डबीत येतं. रिंग दोन फोमच्या मध्ये ठेवून डबी फिरवली की अगदी पातळ थर लागतो. एक बारकावा: सिलिकॉनच्या रबराला सिलिकॉन ग्रीस लावू नये, ते रबर फुगतं. नायट्राइलला ते चालतं, म्हणूनच मी नायट्राइल वापरतो.

आता काय वापरू नये ते, कारण नुकसान बहुतेक इथेच होतं. पेट्रोलियम जेली उन्हात पातळ होऊन डायलवर उतरते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ बंद केसमध्ये डायलवर आणि काचेवर पांढरी साय धरते, ती नंतर निघत नाही. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन तर मुळीच नको. तो वास ऍसिटिक ऍसिडचा असतो, आणि ते ऍसिड आतल्या लोखंडी भागांना खातं. झाकणाभोवती असं सिलिकॉन भरून आणलेलं एक घड्याळ मी उघडलं होतं. बाहेरून थेंब आत गेला नव्हता, पण आतून मशीन लालभडक झालेलं.

कोणत्या दिवशी उघडायचं

हा मुद्दा पुस्तकात क्वचित सापडतो, पण मी तो सोडत नाही. घड्याळ बंद करताना आत जी हवा राहते, तिच्यातला ओलावाही आतच राहतो. ऑगस्टमध्ये २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना झाकण लावलं, तर ती हवा २५ अंशांनाच दव सोडायला लागते. एसीच्या खोलीत गेलात की काचेवर आतून धुकं. घड्याळ पूर्ण बंद असूनही लोक म्हणतात, “पाणी गेलं!” उलट एप्रिल-मेमध्ये ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या दुपारी बंद केलेल्या घड्याळातली हवा १३ अंशांच्या आसपास गेल्यावर दव धरते. म्हणजे आपला कोरडा उन्हाळा या कामाला सोन्यासारखा आहे. काम शक्यतो तेव्हाच करा. पावसाळ्यात करावंच लागलं तर उघडी केस आणि झाकण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा, आणि डबा उघडल्यावर लगेच झाकण बसवा.

झाकण आणि त्याची रिंग

उघडण्याआधी घड्याळ बाहेरून ब्रशनं कोरडं झाडा, नाहीतर कडेचा मळ सरळ मशीनवर पडतो. पट्टा काढा. केस मऊ कापडात धरा. आट्यांचं झाकण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं सुटतं. पाना घसरला तर झाकणावर कायमचा ओरखडा, म्हणून वरून दाब देऊनच वळवा.

झाकण निघालं की जुनी रिंग लाकडी काडीनं उचला. धातूच्या टोकानं खाचेवर ओरखडा आला तर ती खाचच पुढे गळते. रिंग वाकवून पाहा: तडे गेले, चपटी झाली, कडक झाली तर टाकून द्या. नवी असली तरी कॉपीतली रिंग मी बदलतोच.

आता माप. खाचेचा आतला व्यास आणि खाचेची खोली मोजा. रिंग खाचेतून थोडी वर आली पाहिजे, म्हणजे झाकण बसल्यावर ती दाबली जाईल. समजा खोली ०.६ मिमी आहे, तर ०.८ मिमी जाडीची रिंग पंचवीस टक्के दाबली जाते. हा दाब पंधरा ते तीस टक्क्यांमध्ये राहिला की काम चोख. त्याहून जाड रिंग घातली तर जास्त बंद होईल असं वाटतं, पण रबर दाबून आकारमानानं कमी होत नाही, ते फक्त बाजूला पसरतं. खाचेत जागा उरली नाही की ते बाहेर येतं आणि झाकणाखाली कापलं जातं. चुलतभावाच्या घड्याळात हेच झालं होतं. व्यास खाचेपेक्षा किंचित कमी घ्या, म्हणजे रिंग ताणून जागेवर बसते आणि झाकण लावताना उसळत नाही.

ग्रीस लावलेली रिंग नुसती चमकली पाहिजे. गोळा दिसला तर जास्त झालं.

आट्यांचं झाकण फिरताना रिंगला सोबत ओढतं, ग्रीसमुळे ती घसरते आणि पीळ पडत नाही. दाबाच्या झाकणाला मात्र अंगठ्यानं कधी बसवू नका. एका बाजूनं आत जातं आणि दुसऱ्या बाजूला रबर चिरतं. प्रेसमध्ये मापाचा साचा लावून सरळ दाबा. झाकणावर चावीसाठी छोटी खाच असेल तर ती चावीच्या समोर आली आहे ना, हे आधी पाहा.

चावी

इथे घाई करू नका. मराठवाड्यातल्या घड्याळांत सगळ्यात जास्त पाणी इथूनच येतं, आणि नवखा माणूस सगळ्यात जास्त नुकसानही इथेच करतो.

चावीच्या पोटात एक छोटी रिंग असते. केसला एक बारीक नळी बसवलेली असते. चावी आत ढकलली की रिंग नळीभोवती घट्ट बसते. आट्यांच्या चावीतही पाणी थांबवतं ते रबरच, आटे फक्त चावीला दाबून धरतात. म्हणून आटे कचकून आवळण्यात काही अर्थ नाही. आवळून-आवळून नळीचेच आटे झिजतात.

चावी काढायला मागून मशीनमध्ये चावीला जोडलेल्या रॉडच्या जवळ पाहा. बऱ्याच क्वार्ट्झ (सेलवर चालणाऱ्या) आणि ऑटोमॅटिक मशीनमध्ये तिथे एक छोटा खळगा असतो. त्यावर चिमट्याचं टोक हलकंच ठेवा, नखाला जाणवेल एवढाच दाब द्या, आणि दुसऱ्या हातानं चावी सरळ ओढा. ती अलगद येते. येत नसेल तर जोर लावू नका. चावी थोडी आत किंवा बाहेर करून पुन्हा बघा. जुन्या चावी देण्याच्या घड्याळात खळग्याऐवजी बारीक स्क्रू असतो. तो एक-दोन वळशांपेक्षा जास्त ढिला करू नका, नाहीतर डायलखालचा लिव्हर सुटतो आणि मग डायल काढल्याशिवाय चावी बसत नाही. वडिलांच्या घड्याळावर हा प्रयोग पहिल्यांदा करू नका. बंद पडलेलं दुसरं घड्याळ घ्या.

वडिलांच्या घड्याळाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. एचएमटीनं जपानच्या सिटिझनसोबत १९६१ साली बेंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत लग्नातलं घड्याळ म्हणजे एचएमटीच. त्यातली बरीचशी रोज सकाळी चावी द्यायची घड्याळं. रोज चावी फिरली की रबरही रोज घासतं, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरलेल्या एचएमटीत चावीचं रबर जवळजवळ नसतंच. त्याला पावसापासून जपा, पाण्यात वापरू नका.

परत कॉपीकडे. चावी बाहेर आली की लूपखाली पोटात पाहा. रिंग उघडी दिसत असेल तर सुईनं उचलून त्याच मापाची नवी बसवता येते. वरून धातूची चकती दाबलेली असेल तर मी चावीच बदलतो. नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजा, २ मिमी आणि २.५ मिमी ही नेहमीची मापं आहेत. रॉडच्या आट्यांचं मापही जुळावं लागतं, बऱ्याच मशीनमध्ये ते ०.९० मिमी असतं. नव्या चावीला रॉडची लांबी कमी-जास्त पडते आणि रॉड कापून बसवावा लागतो. हे काम पहिल्या वेळी तुमच्या गावातल्या घड्याळवाल्या काकांकडून करून घ्या, शेजारी बसून बघा. त्यांना सांगा, “काका, रबर असलेली चावी टाका.” न सांगितल्यास हाताशी असेल ती लागते.

नळी सैल असेल तर मशीन पूर्ण बाहेर काढा. नळी काढून ती आणि भोक दोन्ही स्पिरिटनं पुसा. धातूला धातू धरून ठेवणारं, हवा नसलेल्या जागी घट्ट होणारं द्रावण मिळतं, लॉकटाइट ६३८ सारखं. त्याचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब नळीच्या बाहेरून लावून ती परत दाबा आणि एक दिवस हात लावू नका. आतल्या भोकात थेंब गेला तर रॉड कायमचा अडकेल, म्हणून कमीच लावा.

चावी परत घालताना रॉड हळूहळू फिरवत आत ढकला. टिक असा आवाज आला की बसली. नंतर काटे फिरवून, तारीख बदलून पाहा.

शोभेच्या बटणांचं सोपं आहे. बटण फिरत किंवा दाबत नसेल तर आतल्या बाजूनं भोकावर यूव्ही गोंदाचा (यूव्ही दिव्याखाली किंवा उन्हात कडक होणाऱ्या) थेंब टाकून ते बंद करा. चालणारी बटणं असतील तर त्यांच्या रिंगा बदलाव्या लागतात. ते काम कारागिराचं.

काच

काच आणि पुढची परीक्षा यांसाठी चावी काढून मशीन बाहेर घ्या, मग आतून काचेवर अंगठ्यानं दाबून पाहा. हलली तर ती बाहेर काढा. सपाट मिनरल काच एक तर नायलॉनच्या रिंगमध्ये दाबलेली असते किंवा गोंदानं चिकटवलेली. नायलॉनची रिंग एकदा निघाली की परत वापरू नका, नवी घ्या आणि काच प्रेसनंच बसवा. चिकटवलेली असेल तर जुना गोंद पूर्ण खरवडा, कड स्पिरिटनं पुसा, खाचेत यूव्ही गोंदाची सलग बारीक रेघ ओढा आणि काच ठेवा. वेगळा दिवा नसेल तर आपलं ऊन आहेच, दुपारच्या उन्हात काही मिनिटांत तो कडक होतो. मी तरी तासभर ठेवतो. जुन्या घड्याळांची फुगीर काच ऍक्रिलिकची असते. तिच्या कडेला केसासारखी चीर दिसली तर काच बदलायचीच, चीर बुजवता येत नाही.

रिकाम्या केसची परीक्षा

मशीन अजून बाहेरच आहे. आता काच, चावी, झाकण सगळं बसवून रिकामी केस बंद करा. आत टिश्यू पेपरचा तुकडा ठेवा.

पेल्यात पन्नास अंशांच्या आसपासचं, म्हणजे बोट जेमतेम ठेवता येईल असं गरम पाणी घ्या. केस आत सोडा. आतली हवा ३० अंशांवरून ५० अंशांवर गेली की तिचा दाब साडेसहा टक्के वाढतो, आणि फट असेल तिथून बुडबुडे निघतात. कुठून निघतात ते पाहा: चावीपासून, काचेच्या कडेपासून की झाकणाखालून. सुरुवातीला केसच्या बाहेर अडकलेली हवा सुटते, तिला घाबरू नका. एकाच ठिकाणाहून माळ निघत राहिली तर ती गळती. केस गरम असतानाच बाहेर काढा. पाण्यातच थंड होऊ दिली तर तीच फट पाणी आत ओढेल. मग पुसून उघडा आणि टिश्यू पाहा.

ही परीक्षा पास झाली म्हणजे ३ बार झालं असं नाही. हा दाब जेमतेम ०.०६ बार आहे. पण नवख्या हाताच्या बहुतेक चुका यातच पकडल्या जातात, आणि मशीन सुरक्षित राहतं.

दाबाची खरी परीक्षा

जिल्ह्याच्या गावी मोठ्या घड्याळ दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरवर दाब तपासायचं यंत्र असू शकतं, विचारून पाहा. काचेच्या नळकांड्यात खाली पाणी, वर हवा, आणि हातपंपानं दाब वाढवायचा, असं ते साधं यंत्र असतं. क्रम फार महत्त्वाचा आहे. घड्याळ पाण्याच्या वर, हवेत टांगायचं. दाब आधी १ बार, मग ३ बारपर्यंत न्यायचा आणि काही मिनिटं थांबायचं. घड्याळ गळत असेल तर या वेळात दाबाची हवा त्यात शिरते. मग घड्याळ पाण्यात सोडायचं आणि दाब हळूहळू कमी करायचा. आत शिरलेली हवा आता बाहेर येऊ पाहते आणि बुडबुड्यांची रेघ दिसते. पहिला बुडबुडा दिसताच घड्याळ लगेच पाण्याबाहेर उचलायचं, आणि मगच उरलेला दाब सोडायचा. उलट केलं तर पाणी आत जाईल.

कॉपीच्या काचेवर ३ बारच्या पुढे जाऊ नका. पहिल्यांदा रिकामी केसच तपासा, ती पास झाली की मशीन घालून पुन्हा. पाण्याशिवाय तपासणारी यंत्रंही असतात, ती केस दाबाखाली किती वाकते ते मोजतात. असं यंत्र मिळालं तर उत्तम.

बंद करणं आणि थेंबाची चाचणी

मशीन घालण्याआधी फुग्यानं काचेची आतली बाजू साफ करा. क्वार्ट्झ असेल तर याच वेळी सेल बदला. बऱ्याच छोट्या घड्याळांत ६२६ नंबरचा सेल लागतो. एवढ्या मेहनतीनंतर सहा महिन्यांत सेलसाठी झाकण उघडावं लागू नये.

शेवटी आत ओलावा राहिला का ते असं पाहा. घड्याळ ४० ते ४५ अंशांवर दहा-वीस मिनिटं तापू द्या. मे महिन्यात सावलीतली खिडकी पुरते, इतर वेळी गरम पाण्याच्या बंद बाटलीवर ठेवा. मग काचेच्या मधोमध साध्या गार पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभरानं पुसा. त्या जागी आतून धुक्याचा ठिपका दिसला तर आत ओल आहे, परत उघडून वाळवा. दिसला नाही तर काम झालं.

रोजच्या वापरात

पाण्यात हात असताना चावी ओढू नका. तारीख बदलायची असेल तर हात कोरडे करून. गरम पाण्याची आंघोळ घड्याळ काढून करा. वाफ पाण्यापेक्षा बारीक फटीतून जाते आणि साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करून त्याला वाट करून देतो. उन्हातून आल्यावर घड्याळ लगेच थंड पाण्याखाली धरू नका, पाच मिनिटं सावलीत जाऊ द्या. चामड्याचा पट्टा घामाच्या हातात टिकत नाही, नायलॉनचा किंवा रबराचा लावा, आणि आठवड्यातून एकदा ओल्या कापडानं केस पुसा म्हणजे मीठ साचत नाही.

फवारणीच्या वेळी घड्याळ घरीच ठेवा. पाण्यात मिसळून फवारायच्या बऱ्याच तेलकट औषधांत जे द्रावक असतात ते रबर फुगवतात आणि ऍक्रिलिकच्या काचेला तडे पाडतात. शिवाय पट्ट्याखाली औषध साचून कातडीला लागतं, ते वेगळंच.

तरीही पाणी गेलंच, तर तांदळाच्या डब्यात घालून दोन दिवस वाट बघू नका. तांदूळ फार ओल ओढत नाही आणि तेवढ्या वेळात गंज बसतो. चावी बाहेर ओढा, झाकण लगेच उघडा, सेल काढा, पंख्याखाली ठेवा आणि त्याच दिवशी कारागिराकडे न्या. घाम किंवा खारं पाणी असेल तर तास मोजा, दिवस नव्हे.

रिंगा दर वर्षी तपासा आणि दोन वर्षांत बदला. आपल्या उन्हाळ्यात त्या लवकर कडक होतात. झाकण बंद करण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला बारीक मार्करनं तारीख आणि रिंगचं माप लिहून ठेवा. जुने कारागीर तिथे खुणा करायचे, त्याच जागी. चुलतभावाच्या घड्याळाच्या झाकणात आता तीन तारखा आहेत, तिन्ही मे महिन्याच्या, आणि खांदेमळणीच्या आदल्या दिवशी तो ते थेंबाच्या चाचणीला माझ्याकडे आणून ठेवतो.